देवरावजींचा डाऊट

देवरावजींना गणित समजावून सांगायला गेलं की ते दोन्ही कानांवर हात ठेवतात. "सांगू नोका सर! माहा डाऊट खराब होते!"

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण डाऊट खराब होतो हे मला या शेजाऱ्यानं शिकवलं. मूळचे रामटेकचे. जन्मभर गांधीबागेतल्या दुकानात कापड फाडलं आणि सत्तरीत मोबाइलवर बारावीचं गणित सुरू केलं. बीजगणित झालं, आता मॅट्रिक्स. व्हिडिओतल्या मॅडमचं एखादं वाक्य समजलं नाही की यांचा चेहरा खुलतो. रोज एक डाऊट मॅडमना लिहायचा आणि उत्तर येईपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही. मी भिंतीपलीकडे असताना हा माणूस पुण्याच्या बाईंच्या तोंडाकडे बघतो! मला भयंकर राग यायचा.

परवा सकाळी तोंड पाडून आले. "सर, घात झाला. सारंच समजलं."

"मग पेढे आणा."

"कायचे पेढे? आता काय इचारू तिले? माही पोरगी आहे ना ती. मंदा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मंदानं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून यांनी तिला दार बंद केलं होतं. चार वर्षांनी यांनी फोन केला, तर तिनं उचलला नाही. पण व्हिडिओखाली कुणीही डाऊट विचारला की ती उत्तर देते. म्हणून हे 'रामटेकचा विद्यार्थी' झाले होते.

"जुनाच एखादा विचारा," मी म्हणालो.

फोन घेऊन मीच टाइप केलं. दोन मॅट्रिक्स उलट क्रमानं गुणले तर उत्तर का बदलतं? खाली 'आशीर्वाद' लिहा म्हणाले.

"अहो, विद्यार्थी मॅडमना आशीर्वाद देतो का?"

"काहून? मी तं रोजच देतो."

मी कपाळावर हात मारला.

दुपार झाली. ते जेवले नाहीत, मलाही घास जाईना. फोन वाजला की दोघंही दचकत होतो. एकदा तर गॅस सिलिंडरचा मेसेज निघाला. मंदानं ओळखलं असेल आणि आता उत्तरच दिलं नाही तर, ही धास्ती दोघांनाही होती.

चारला उत्तर आलं. "तुमीच वाचा," म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

सगळ्या पायऱ्या नीट मांडल्या होत्या. शेवटी होतं, "बाबा, हे तुम्ही दिवाळीतही विचारलं होतं. बीपीची गोळी घेता ना वेळेवर?"

मी ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. देवरावजी उठले. सकाळची राहिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि मग एका बोटानं टाइप केलं, "घेतली बेटा."