वजन कुठी गेलं?

बोरगाव मेघेला आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या घरातून आरोळी आली, "जप्त करा याले! आत्ताच्या आत्ता जप्त करा!"

मी हातातली भांड्यांची पेटी तशीच खाली ठेवून कुंपणापाशी धावलो. नव्या जागी पहिल्याच दिवशी काहीतरी पाहायला मिळणार, अशी माझी हलकट आशा होती. खिडकीतून दिसले ते सत्तरीचे, शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. टीव्हीसमोर उभे राहून ते पडद्यावर बोट रोखत होते. पडद्यावर जपानी कार्टून चाललं होतं. एक मालट्रक उलगडत गेला, त्याला हात फुटले, पाय फुटले, बोनेटमधून डोकं वर आलं आणि तीन मजली रोबोट उभा राहिला. मग तोच रोबोट घडी होत होत एका मुलाच्या मनगटावरचं घड्याळ झाला.

"वजन कुठी गेलं?" गृहस्थ गरजले. "एवढा ट्रक पोट्ट्याच्या मनगटावर! हात उखडून नाई पडत त्याचा? वजन कुठी गेलं?"

"लपवलं असल जी कुठीतरी," आतून बाईमाणसाचा शांत आवाज आला. "तुम्ही खाली बसा. मले दिसून नाई राह्यलं."

हे गुणवंतराव झाडे आणि या विमलकाकू. गुणवंतरावांना सगळी गल्ली काकाजी म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागलो. काकाजी मूळचे वडनेरचे, शेतकरी घरातले. नोकरी केली वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. दुकानदारांची वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे काकाजींना कोणी नीट समजावून सांगितलेलं नसावं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पंच्याऐंशी. चपला सोडून." मी घरी जाऊन पाहिलं, तर बरोबर. बायको आठवडाभर हसत होती.

त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे मानहानी करून घेणं. भाजीवालीचा हात पारड्याच्या आसपास जरी दिसला, तरी काकाजी म्हणायचे, "बाई, हात पदरात ठेव." दांडी मारणं, म्हणजे काटा गुपचूप दाबून खोटं तोलणं, हे त्यांच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाप. खून करणाऱ्याला राग तरी आलेला असतो, दांडी मारणारा थंड डोक्यानं मारतो, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत मराठी शिकवतो. एकदा सहज बोलून गेलो की आज दहावीच्या पोरांनी तासाला दांडी मारली. काकाजी केवढे दुखावले! "सर, शाळेत काय काटा हाय? चांगला शब्द कुठीबी काऊन वापरता?"

"चांगला?" मी विचारलं.

"म्हंजे खास शब्द. आमच्या खात्याचा."

आता असा माणूस रोबोटांच्या नादी कसा लागला? तर तो लागला नाही, काकू लागल्या. त्यांच्या मुलानं पुण्याहून नवा टीव्ही पाठवला. त्याच्या रिमोटमध्ये बोललं की टीव्ही हवं ते शोधून देतो. काकूंना पाहायचं होतं की बाहेरचे लोक आपले रोडगे कसे बिघडवतात. गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजलेले गव्हाचे रोडगे आणि वांग्याची भाजी यांत काकूंचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. त्यांनी रिमोट तोंडाशी धरून खणखणीत आवाजात सांगितलं, "रोडगे!" त्या टीव्हीला आपली भाषा काय कळणार? त्यानं ऐकलं रोबोट. पडद्यावर एक रेल्वे इंजिन उठून उभं राहिलं, आणि काकू पाहातच राहिल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की हिंदीतून बोलणारे जपानी रोबोट. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ आणि नजर टीव्हीवर.

"मले आवडते," त्या मला म्हणाल्या होत्या. "एका कामाची वस्तू वेळ आली का दुसऱ्या कामाची होते. आपण बायकाईनं जलमभर हेच केलं ना."

काकाजींना मात्र कार्टून दिसायचंच नाही. त्यांना दिसायचा तपासणीला आलेला माल. प्रत्येक रोबोटाची ते झडती घ्यायचे. ट्रकची मागची चाकं पाठीत गेली, ठीक, मग पाठ एवढी सपाट कशी? गुडघा जिथे वाकतो तिथेच दार आहे, मग दार उघडलं की गुडघा कुठे? रोड रोलरचा रोबोट झाला तेव्हा तर त्यांनी चहाच सोडला. "समोरचा ड्रम गायब! रोलरमंदी ड्रमच तं असते. बाकी काय, ड्रायव्हर आन् छत्री!"

सगळ्यात कडक परीक्षा काळ्या मातीची. रोबोट पळत सुटला की काकाजी त्याचे पाऊल आणि अंग नजरेनं तोलायचे आणि निकाल द्यायचे, "आमच्या वडनेरच्या वावरात आणा याले श्रावणात. गुडघ्याइतका फसते का नाई पाहा. एवढं वजन आन् पाय असे बारीक! याले काढाले मंग दुसरा रोबोट लागन." जपानात कोणी याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण त्या दिवसापासून मलाही रोबोटाचे पायच आधी दिसायला लागले. माणूस शेजाऱ्यामुळे बिघडतो तो असा.

एकदा मी भाच्यासाठी तसलाच खेळण्यातला रोबोट घेतला. काकाजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला, घरातला पितळी तराजू आणला आणि आधी ट्रक तोलला. मग आम्ही दोघांनी घामाघूम होत, एक हात जवळजवळ मोडत त्याचा रोबोट केला. पुन्हा तोलला. काटा तसूभर हलला नाही. काकाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका.

"पाह्यलं? खेळणं इमानदार हाय. टीव्हीवाला चोर हाय."

पण सगळेच चोर नव्हते. एका मालिकेत जमीन खोदणारं यंत्र आणि ट्रॅक्टर असे दोघे होते. त्यांचं बदलणं चित्रं काढणाऱ्यानं फार सावकाश दाखवलं होतं. कोणता पत्रा कुठून सरकतो, कोणती बिजागरी कुठे वळते, खोदायचं फावडं मधोमध दुभंगून दोन खांदे कसे होतात, सगळं डोळ्यांसमोर. यंत्र उभं राहताना ड्रायव्हरची खुर्ची आतल्या आत फिरायची, म्हणजे माणूस उलटा होत नसे. पाय उंटाच्या पायासारखे पसरट. आणि कठीण वेळ आली की दोघं एकमेकांत अडकून एकच थोराड रोबोट व्हायचे. काकाजींनी तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

"दोघाईचं वजन मिळून याचं वजन," ते हळूच म्हणाले. "कमी नाई, जास्त नाई. जोड हाय. पास."

पहिल्यांदाच कोणी पास झालं होतं. काकूंनी त्या आनंदात शिरा केला.

मग काकू आजारी पडल्या. पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण घरी आल्या त्या निम्म्या होऊन. नेसलेलं पातळ अंगाभोवती एक वेढा जास्त घ्यायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता औषध एकच, खाणं. दर रविवारी वजन करा, ते वाढायला लागलं की गाडी रुळावर आली समजा. आणि काकू तर खाईनात. दोन घास घेतले की ताट सरकवायच्या.

"खाऊन काय करू?" त्या मला म्हणाल्या. "दोन रविवार झाले, काटा जागचा हालून नाई राह्यला. अंगालेच नाई लागत, तं अन्नाची नासाडी कायले?"

मुलगा आला, राहिला, रजा संपली तसा गेला. काकाजी स्वयंपाक शिकले. त्यांच्या भाताबद्दल मी काही बोलणार नाही. संध्याकाळी ते काकूंना उशीला टेकवून बसवायचे आणि टीव्ही लावायचे. अशाच एका संध्याकाळी मी गेलो, तर तोच चोर ट्रक त्या पोराच्या मनगटावरचं घड्याळ झाला. मी आरोळीची वाट पाहिली. काकाजी काकूंकडे पाहात होते. काकूंनी मान वळवून विचारलं, "काऊन जी, आज काही म्हणत नाई?"

"पास हाय," काकाजी म्हणाले.

मला त्या वेळी खरंच भीती वाटली. काकाजींनी त्या ट्रकला पास करणं म्हणजे घरात काहीतरी फार बिघडलं होतं.

त्यांच्या मागच्या पडवीत एक जुना प्लॅटफॉर्म काटा आहे, धान्याची पोती तोलायचा. खाली फळी, पुढे खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकतं वजन. रविवारचं तोलणं त्याच्यावरच व्हायचं, कारण दुकानातल्या काट्यांवर काकाजींचा विश्वास नाही. पुढच्या रविवारी मी कढीचा डबा घेऊन मागच्या फाटकातून गेलो. काकू फळीवर उभ्या होत्या, खांबाला धरून, डोळे दांडीवर. काकाजी शेजारी उभे राहून वजन सरकवत होते.

"पाह्य, वाढलं! अर्धा किलो वाढलं तुयं!"

"खरंच?" काकूंचा आवाज किती दिवसांनी असा आला होता.

मी मागे होतो. मला काकाजींचा उजवा पाय दिसला. चप्पल काढलेला. त्याचा अंगठा आणि चवडा फळीच्या कडेवर अलगद टेकलेला होता, आणि त्या पायाची शीर न् शीर ताठली होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे हात पारड्यावरून काढले, त्यानं स्वतःच्या काट्यावर दांडी मारली होती.

त्यांनी मान वळवली. आमची नजरानजर झाली. काकाजींनी पाय काढला नाही. मीच खाली पाहिलं आणि उगीचच मोठ्यानं म्हणालो, "वा काकू! कढी आणली आहे." त्या दिवशी काकूंनी कढीबरोबर अख्खी भाकर खाल्ली. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

पुढे दर रविवारी थोडं थोडं वजन वाढत गेलं. काट्यावरचं किती आणि काकूंचं किती, हे विचारायची माझी छाती नव्हती. पण काकूंच्या गालांवर हळूहळू मांस दिसायला लागलं. त्या उठून फिरायला लागल्या, काकाजींच्या हातून विळी काढून घेतली. आता केळझरच्या गणपतीला जाऊन यायचं म्हणायला लागल्या. आणि एका रविवारी आम्हाला निरोप आला की आज रोडगे आहेत, लवकर येजो.

अंगणात गोवऱ्या पेटल्या होत्या. रोडग्यांना हात लावायच्या आधी काकू पडवीत गेल्या आणि काट्यावर चढल्या. काकाजी सवयीनं शेजारी उभे राहिले, वजन सरकवलं. "पाह्य, अजून वाढलं."

"आता पाय काढा जी," काकू म्हणाल्या.

काकाजींचा चेहरा पाहवेना. त्यांनी पाय उचलला. दांडी खट्कन खाली बसली. काकूंनी स्वतः हात पुढे करून वजन मागे सरकवलं, दांडी तरंगेपर्यंत. आकडा काकाजींच्या आकड्याहून खाली आला, पण दवाखान्यातून आल्या तेव्हाच्या कितीतरी वर होता. आणि तो पूर्ण त्यांचा होता.

"तुले मालूम होतं?" काकाजी कसेबसे म्हणाले.

"फळीवर पाय माये असते. कडेनं दबली तं मले समजणार नाई? पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग खाल्लं काऊन?"

"तुमच्यासारखा माणूस मायासाठी दांडी मारून राह्यला," काकू म्हणाल्या, "मंग म्या भाकर बी खाऊ नाई?"

काकाजी खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "जप्त करा मले. काट्यासकट जप्त करा."

"राहू द्या." काकू फळीवरून उतरल्या. "तुमचं वजन आन् मायं वजन, मिळून एक झालं. जोड हाय ते. पास."

काकाजींनी डोळे पुसले आणि गोवऱ्यांचा धूर फार झाला म्हणाले. धूर विरुद्ध दिशेला जात होता, पण मी कशाला बोलू? काकू आराजवळ जाऊन बसल्या, चिमट्यानं रोडगे उलटायला लागल्या. आम्ही दोघं आत जाऊन टीव्हीसमोर बसलो. थोड्या वेळानं तो ट्रक आलाच. उलगडला, लढला, जिंकला आणि घडी होत होत पोराच्या मनगटावर जाऊन बसला.

काकाजी ताडकन उठले. किती दिवसांनी तो आवाज घुमला!

"वजन कुठी गेलं?"

अंगणातून, रोडग्यांच्या खमंग वासाबरोबर काकूंचं उत्तर आलं.

"इथी हाय जी, इथी!"