जिवंत राहिलेल्या चाळीस डुकरांबाबत

जगणे आणि जगल्याचे सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी असून शास्त्राला फक्त दुसरीशी कर्तव्य असते. हुनान प्रांतातल्या आमच्या तालुका पशुरोग समितीत मी बावीस वर्षे लेखनिक आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो.

त्या वर्षी डुकरांत साथ आली. समितीचे संशोधक मो योंगनियान यांनी बानलानगेनच्या मुळीचा अर्क काढला. (ही मुळी आमच्याकडे सर्दी, ताप, घसादुखी आणि सासूबाईंचा मुक्काम या चारही तक्रारींवर घेतात.) काचेच्या बशीत अर्काने सत्त्याण्णव टक्के विषाणू मारले. गरम चहानेही मेले असते, पण चहासाठी अनुदान नव्हते.

प्रयोगाला ताओ ग्वेईझेन या विधवा बाईंची चाळीस डुकरे निवडली. त्यांचा सगळा संसार त्या चाळिसांवर. नियम अत्यंत दयाळू होता: औषध लागू पडल्याचे सिद्ध झाले तर डुकरे राहतील, नाहीतर साथीच्या हद्दीतली म्हणून सगळी मारून पुरली जातील. वीस डुकरांना त्या अर्काचा काढा द्यायचा, उरलेल्या विसांना त्याच रंगाचे नुसते पाणी.

"म्हणजे ही वीस मरायची?" ताईंनी विचारले.

"मेली तर फार उपयोग होईल, ताई," मो आदराने म्हणाले.

दोन महिन्यांत आसपासच्या तीन गावांत एक डुक्कर उरले नाही. ताईंची चाळीसही धडधाकट. मला मनापासून आनंद झाला. (लेखनिकाच्या आनंदाला तक्त्यात रकाना नाही.) मो मात्र डोके धरून बसले. दोन्ही गटांत फरक शून्य, सबब औषध निरुपयोगी.

तेव्हा ताईंना राहवले नाही. "अहो, फरक दिसणार कुठून? दोन्ही बादल्या एकत्र करून मी सगळ्यांनाच पाजत होते. एका पंगतीत निम्म्यांना जेवण नि निम्म्यांना नुसतं पाणी? आपल्याच्यानं नाही होत बाई."

"मग प्रयोग झालाच नाही!"

"नसंल झाला. पण डुकरं जिवंत आहेत की! ते बघा एक, तुमचा बूट खातंय."

मो यांनी बूट सोडवून घेतला. "हे निरीक्षण आहे, ताई. पुरावा नव्हे."

समितीची बैठक तीन तास चालली. नियम बारा असा: ज्याचा गट नोंदलेला नाही, त्याचे जिवंत असणे ग्राह्य धरू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. (इतिवृत्त मीच लिहिले. अक्षर चांगले आले आहे.)

मंगळवारी ट्रक आला. आठ कर्मचारी गोठ्यात शिरण्यापूर्वी, खबरदारी म्हणून, उरलेला काढा एकेक वाटी प्यायले. वाट्या ताईंनीच भरून दिल्या.

"प्या, पोरांनो. तुमचा गट कोणता, ते साहेब नंतर सांगतील."

कोणी हसले नाही. माझी ताईंकडे बघायची हिंमत झाली नाही. मी आठ सह्या घेतल्या आणि ट्रक भरेपर्यंत कागदच वाचत राहिलो.

आपण वाचक सुज्ञ आहात, आमच्या समितीला हसाल. खुशाल हसा. मागल्या साथीत तुमच्याही घरी काहीतरी उकळले होते. कुणी सांगितले म्हणून तुम्ही ते नाक दाबून प्यायलात, शेजाऱ्यालाही पाजलेत, आणि आज हे वाचण्याइतके ठणठणीत आहात. समितीतर्फे अभिनंदन. आता फक्त तुमचा गट कळवा. नोंद नसेल तर नियम बारा तुम्ही नुकताच वाचला आहे.