प्रेरणेची संरक्षित खिडकी

लेखकाने एका जाहीर मुलाखतीत थाप मारली. कादंबरीकार माणूस, थापा मारणं हा त्याचा व्यवसायच. पण त्या पुस्तकात मारायच्या असतात, व्यासपीठावर नव्हे, हा भेद त्या संध्याकाळी त्याच्या ध्यानात राहिला नाही.

मुलाखतकाराने विचारलं होतं, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" पुस्तक न वाचता लेखकाची मुलाखत घेता यावी म्हणून हा प्रश्न तयार करण्यात आलेला आहे. त्याचं खरं उत्तर असं होतं : लेखकाची पत्नी रोज दुपारी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तिच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलते. हात ओले असतात, म्हणून फोन स्पीकरवर असतो. लेखक शेजारच्या खोलीत, अर्धवट लोटलेल्या दाराआड बसून ऐकतो आणि लिहितो. मेव्हणीच्या इमारतीत माणसं भरपूर आणि भिंती पातळ, त्यामुळे लेखकाला कधी काही कमी पडलं नाही. समीक्षक याला 'मानवी मनाचा अथांग ठाव' म्हणत.

पण भरल्या सभागृहात हे कोण सांगणार? लेखकाने चष्मा काढला, डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "माझ्या टेबलासमोर एक खिडकी आहे. तिच्यातून एक झाड दिसतं. ते झाड माझ्याशी बोलतं."

सभागृहात सुस्कारे उमटले. पहिल्या रांगेत 'साहित्यिक प्रेरणास्थळे जतन व संवर्धन कक्षा'चे अधिकारी बसले होते. ते तर उठून उभेच राहिले. कक्ष स्थापन झाल्यापासून त्यांना जतन करायला एकही स्थळ मिळालेलं नव्हतं. ज्या लेखकाला विचारावं तो म्हणे, मला कुठेही सुचतं. आणि 'कुठेही'ला कुंपण घालता येत नाही.

त्या आठवड्यातच अधिकारी पितळी पाटी, जाड दोर आणि हातोडा घेऊन लेखकाच्या घरी हजर झाले.

"सदर खिडकी आजपासून संरक्षित," ते म्हणाले. "ती उघडायची नाही, बंद करायची नाही, पुसायची नाही."

"आत्ता ती अर्धी उघडी आहे," लेखक म्हणाला.

"मग अर्धी उघडीच राहील. मूळ स्थिती."

"आणि धूळ?"

"धूळ तर अत्यंत मूळ. तिला हात लावू नका."

झाड शेजाऱ्याचं होतं. त्याची एक फांदी शेजाऱ्याच्याच छपरावर घासत होती आणि तो ती तोडणार होता. त्याला लेखी मनाई करण्यात आली. फांदी साहित्यिक आहे, छप्पर नाही, असं त्याला समजावून सांगण्यात आलं. त्या दिवसापासून शेजाऱ्याने लेखकाशी बोलणं टाकलं.

लोकांनी खिडकी पाहायला यायची वेळ दुपारची ठरली. लेखकाने त्या वेळेत टेबलाशी बसणं बंधनकारक होतं.

"पण मला काही सुचलंच नाही तर?"

"सुचल्यासारखं करा," अधिकारी मोकळेपणाने म्हणाले. "खिडकीकडे बघायचं, मधूनच मान डोलवायची, काहीतरी खरडायचं. लोक लांबून येतात हो, त्यांचा विरस नको."

लोक खरोखरच लांबून येऊ लागले. दोरापलीकडे उभे राहून खुर्चीकडे बघत, पेन कोणतं हे टिपून घेत, झाडाचे फोटो काढत. एका बाईंनी लेखकाला विचारलं, "झाड सकाळी जास्त बोलतं की संध्याकाळी?" लेखक म्हणाला, "दुपारी." निदान वेळ तरी खरी सांगितल्याचं त्याला बरं वाटलं.

गोची वेगळीच झाली होती. नवी कादंबरी ऐन मोक्यावर येऊन थांबली होती. मेव्हणीच्या वरच्या मजल्यावर राहणारी एक बाई, नवरा निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॅग भरून निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. नवरा जिन्यात बसून तिची वाट बघत होता. लेखकाने त्याला कादंबरीतल्या जिन्यातही बसवलं होतं. आता ती परत येते की नाही, हे कळल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहिता येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, मनाने लिहावं. लेखकाने एकदा तसं केलं होतं. तेव्हा प्रकाशकाने त्याला प्रेमाने बसवून घेऊन तब्येतीची चौकशी केली होती.

आणि नेमकं इकडे पत्नीचं फोनवर बोलणं बंद झालं होतं. घरात दुपारभर परकी माणसं. ती आता आतल्या खोलीत जाऊन, कानाला फोन लावून, हळू आवाजात बोलायची.

लेखक काही दिवस तळमळला. मग एकदा जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं केलं, "धाकटी काय म्हणते?"

"बरी आहे."

"तिच्या वरच्या मजल्यावर वगैरे... सगळं ठीक ना?"

पत्नीने घास हातातच धरला. "मला कशाला विचारता? झाडाने नाही सांगितलं?"

लेखक खाली मान घालून जेवू लागला.

"अहो, मीही होते त्या सभागृहात," ती म्हणाली. "मागच्या रांगेत. तुम्ही दाराआडून ऐकता हे मला पहिल्या कादंबरीपासून ठाऊक आहे. तुम्हाला नीट ऐकू जावं म्हणून मी धाकटीला एकेक गोष्ट परत विचारते. ती म्हणते, ताई, तुला हल्ली कमी ऐकू येतं का? त्या दिवशी वाटलं होतं, आता हा माणूस निदान एकदा माझं नाव घेईल. तर झाड!"

लेखकाला फार लाज वाटली. एवढ्या कादंबऱ्यांमध्ये त्याने इतक्या माणसांना ओशाळवलं होतं, पण ओशाळल्यावर नेमकं कसं वाटतं ते त्याला आज कळलं. दुसऱ्या दिवशी तो तडक कक्षात गेला आणि अधिकाऱ्यांसमोर सगळं ओकून टाकलं. खिडकी खोटी, झाड खोटं, सगळं श्रेय पत्नीच्या फोनचं. आता पाटी काढा आणि आम्हाला मोकळं करा.

अधिकारी रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे प्रेरणास्थळाचं स्थलांतर!" ते म्हणाले. "आमच्या नियमावलीत त्याला स्वतंत्र प्रकरण आहे, पण वापरायची संधीच मिळत नव्हती."

दोर स्वयंपाकघरात आला. चिरण्याची सुरी संरक्षित झाली, सिंक संरक्षित झालं, ठिबकणारा नळ ठिबकत्या स्थितीत संरक्षित झाला. पत्नीने हात ओलेच ठेवावेत अशी सूचना निघाली. खिडकीवरची पाटी मात्र तशीच राहिली, कारण पाटी लावण्याचा अधिकार कक्षाला होता, काढण्याचा नव्हता. शेजाऱ्याची फांदीही तशीच घासत राहिली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण अधिकारी कामाचे पक्के. फोन हे नुसतं वहनस्थळ, उगमस्थळ तर मेव्हणीच्या इमारतीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिथे जिन्याला दोर बांधला गेला. वाट बघणाऱ्या नवऱ्याला पायरी ठरवून दिली. शेजारी एक मार्गदर्शक उभा राहून येणाऱ्या घोळक्यांना सांगू लागला, की हेच ते गृहस्थ, आणि यांची पत्नी यांना सोडून का गेली असावी याबद्दल विद्वानांमध्ये मतभेद आहेत.

आणि एका दुपारी ती बाई परत आली. हातात तीच बॅग. मन बदललं होतं, की नुसतं पाहून जायचं होतं, कोण जाणे. तिने जिन्यात रांग पाहिली, मार्गदर्शकाचं भाषण थोडं ऐकलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो तिला पाहून उठायला गेला, तर अधिकाऱ्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. मूळ स्थिती. ती बाई आली तशी पाठ फिरवून निघून गेली, ती कायमचीच.

हे मेव्हणीने फोनवर रडत रडत सांगितलं. स्वयंपाकघरातल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. दाराआड लेखकाने शेवटचं प्रकरण लिहिलं. जिन्यातल्या त्या माणसाचा संसार आपल्या एका थापेने कायमचा मोडला, हे लिहिताना त्याला कळत होतं. ते प्रकरण त्याने आजवर लिहिलेलं सर्वांत खरं प्रकरण झालं. पत्नीने ते वाचलं, मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळाशी उभी राहिली.

कादंबरी छापून आली. तिच्या प्रती लेखकाच्या घरातून बाहेर जाण्याच्या दाराजवळ टेबलावर मांडल्या आहेत. लोक त्यांच्यावर पिशव्या ठेवून चपला घालतात. खुर्चीची उंची, पेनाची कंपनी, सुरीची धार, झाडाची जात, लेखक नवरा म्हणून कसा आहे, सगळं विचारतात आणि समाधानाने घरी जातात. कादंबरीचं नाव काय, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

तुम्हीही इथवर सगळं आवडीने वाचत आलात. तुम्हाला तरी कुठे विचारावंसं वाटलं?