आकड्याला गाव असतंय

आमच्या कॉलेजातल्या जगदाळे सरांना तुम्ही नमस्कार केलात, तर ते तुमची तब्येत विचारत नाहीत, पगार विचारतात. तुम्ही गोंधळून आकडा सांगितलात की लगेच दुसरा प्रश्न येतो, "कुठं?" नुसता आकडा सांगणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पत्ता न घालता पाकीट पोस्टात टाकणारा. "आकड्याला गाव असतंय," असं म्हणत ते खिशातनं पेन काढतात. पेन निघालं की समोरच्यानं सावध व्हावं.

सर सांगलीत संख्याशास्त्र शिकवतात. मूळचे उंब्रजचे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो आणि अकरा वर्षं स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. माझा पगार त्यांनी जितक्या गावांत हिंडवून आणलाय, तितक्या गावांत मी स्वतः गेलेलो नाही. फलटणला तो जरा फुगतो, साताऱ्यात जेमतेम बसतो, पुण्यात गेला की त्याचा जीव जातो. जतला मात्र तो दुप्पट होतो, कारण तिथं पैसे घालवायला जागाच नाही. पण मी खूश व्हायच्या आत सर पाण्याच्या टँकरचे पैसे वजा करतात आणि मी होतो तिथं परत येतो.

कुठलाही पगार शेवटी उंब्रजच्या रुपयात मोजायचा, हा त्यांचा नियम. उंब्रजला घर स्वतःचं, दूध दारचं, भाजी शेजारची. तिथं हातात उरतो तो खरा रुपया, बाकीच्या गावांत फिरतात ती नुसती चलनं.

त्यांच्या विषयाची आमच्या भागात फारशी कुणाला माहिती नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात आणि संख्याशास्त्र म्हणजे जनगणनेला येऊन दारावर खडूनं नंबर टाकून जाणारे का, असं विचारतात. एका गृहस्थांनी तर मटक्याचा काही उपयोग होईल का, म्हणून हळूच विचारलं होतं. हा विषय शिकून पगार किती मिळतो, असं कुणी विचारलं की मात्र सरांचे डोळे चमकतात. त्यांच्या विभागातल्या कपाटाच्या दाराला आतून देशाचा नकाशा चिकटवलाय. जिथं जिथं त्यांचे विद्यार्थी नोकरीला आहेत, त्या गावापुढं निळ्या शाईत तिथला पगार आणि लाल शाईत उंब्रजचे रुपये. निळा आकडा बघून पालक हरखतात आणि लाल आकडा बघून मुलाला वाणिज्य शाखेला घालतात. प्राचार्यांनी ते कपाट प्रवेशाच्या काळात बंद ठेवायची लेखी सूचना दिली आहे.

एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून नव्या गाडीतनं पेढे घेऊन आला. पगाराचा आकडा त्यानं न विचारताच सांगितला. सरांनी पेढा तोंडात टाकला, पेन काढलं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलाच्या बालवाडीची फी, सगळं त्याच्याच तोंडून काढून घेतलं. पेढा संपेपर्यंत असं निघालं, की उंब्रजच्या रुपयात हा गडी आमच्या शिपायाच्या, महादूच्या, खाली येतो. महादूला स्वतःचं घर होतं, दोन म्हशी होत्या; त्या हिशेबानं आम्ही मास्तर मंडळीही त्याच्या खालीच होतो. तो विद्यार्थी चहा न घेताच गेला. महादू पुढं दोन दिवस स्टाफरूममध्ये चहा आणायला तयार नव्हता. आपल्यापेक्षा कमी पगाराच्या लोकांना चहा का द्यायचा, असा त्याचा मुद्दा होता, आणि सरांच्या मते तो आकडेवारीला धरून होता.

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याला मी सरांना नेलं, ही माझी चूक. मुलगा अमेरिकेत, आणि योगायोगानं संख्याशास्त्रातलाच. मंडपात त्याच्या डॉलरचे रुपये करण्यात पाहुणे गुंग होते. सरांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं, कुठं असतो? सासरे म्हणाले, अमेरिकेत. सर म्हणाले, "आवं, अमेरिकेतबी उंब्रज असतंय आन् अमेरिकेतबी पुणं असतंय." मग ते थेट नवऱ्या मुलाकडं गेले. मुलगा भला होता. चौघांत एक घर भाड्यानं घेतलंय आणि केस घरीच कापतो, असं त्यानं हसत हसत सांगून टाकलं. सासऱ्यांचा चेहरा पडला तो जेवणं उरकेपर्यंत वर आला नाही. लग्न नीट पार पडलं. सरांना आमंत्रण नव्हतं.

सरांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. तरुणपणी ते दोन ठिकाणी मुलगी बघायला गेले होते. दोन्हीकडं मुलीच्या वडिलांनी पगार विचारला आणि दोन्हीकडं सरांनी तो खर्च वजा करून सांगितला.

असा हा माणूस. पण त्याचा आकडा कधी खोटा निघाला नाही, हे त्याच्यावर चिडलेले लोकही कबूल करायचे. जागा बदलावी का, पोराला कुठं पाठवावं, हे विचारायला लांबून लांबून लोक यायचे. शिवाप्पा असाच आला.

शिवाप्पा जत तालुक्यातला, कर्नाटकच्या शिवेवरचा. मेंढरं राखणारा. त्याची मुलगी रेणुका सरांकडं शिकली. वर्गात सात जण होते आणि प्रश्न विचारणारी ती एकटी. सर तिला पुस्तकं आणून द्यायचे, चुकलं की रागवायचे. पुढं एम.एस्सी.ला ती कोल्हापूरला गेली, तरी सुट्टीत घरी जायच्या आधी सांगलीत उतरून सरांना अवघड गणितं दाखवून जायची. त्या दिवशी सर डबा अर्धाच खायचे आणि उरलेला तिच्यापुढं सरकवायचे.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांच्यानंतर शिकवायला कुणी नसेल तर विषय बंद होईल, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सहा महिने खेटे घालून सरांनी तासिका तत्त्वावरची एक जागा मंजूर करून घेतली, ती रेणुकासाठी. महिन्याला अठरा हजार पडतील, असा अंदाज होता. आणि त्याच आठवड्यात तिला बंगळूरच्या एका कंपनीचं पत्र आलं. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं काम, पगार बेचाळीस हजार.

रेणुकाला जायचं होतं. घरचे आणि भावकी नको म्हणत होती. शेवटी शिवाप्पानं सरांना विचारून ठरवू, असा निकाल दिला.

तो यायचा होता त्या दिवशी सकाळी सरांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. खोली, जेवण, जाणं-येणं, गावाकडं यायचं भाडं, दवाखाना, काही म्हणजे काही सोडलं नाही. बंगळूरला हातात आठ हजार उरत होते. सांगलीत आठ हजार चारशे. सरांनी दोनदा तपासलं. "चारशेनं सांगली पुढं," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मला बरं वाटलं. सरांचा विषय वाचला, असं मनात आलं.

दुपारी शिवाप्पा आला. खुर्चीवर बसायला तयार होईना, शेवटी कडेला टेकला. रेणुका त्याच्यामागं उभी राहिली, खाली बघत.

"सर, मला लिवता-वाचता येत न्हाई," तो म्हणाला. "पन तुमचा आकडा खोटा नसतोय म्हनत्यात. पोरगी हितं ऱ्हाऊ दे का बेंगळूरला जाऊ दे, तेवढं सांगा."

सरांनी पेन काढलं. खिशातला कागद काढला नाही, नवा घेतला. त्यावर बेचाळीस लिहिले, खाली अठरा लिहिले आणि वजाबाकी केली.

"चोवीस हजारांचा फरक हाय, शिवाप्पा. जाऊ दे तिला."

मी वाकून कागदाकडं बघितलं. त्यावर खोली नव्हती, जेवण नव्हतं, काहीच नव्हतं.

शिवाप्पानं बोटांची पेरं मोजली. मग म्हणाला, "आन् ऱ्हायचं, खायचं?"

"ते धरलंय त्यात," सर म्हणाले. ते खिडकीकडं बघत होते.

शिवाप्पानं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. अंधारात शंभर मेंढरं मोजणारा माणूस, त्याला हे कळलं नसेल असं मला अजूनही वाटत नाही. पण तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "तुमी म्हनताय तर जाऊ दे." रेणुका पाया पडायला वाकली, तर सर तिच्यावर खेकसले, पाया पडत बसू नको, गाडीचं तिकीट बघ आधी.

दोघं गेल्यावर मी म्हटलं, "सर, चारशेनं सांगली पुढं होती."

त्यांनी नाकारलं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मला चोविसाव्या वर्षी मुंबईचं पत्र आलं होतं," ते म्हणाले. "तवा मीबी असाच कागद केला. सगळं धरून. सांगली पुढं आली, म्हणून ऱ्हायलो."

"मग त्यात काही चुकलं होतं का?"

"न्हाई. तीनदा तपासला होता. पस्तीस वर्षं झाली, अजून बरोबरच हाय."

रेणुका पुढच्या महिन्यात गेली. तासिकेची जागा परत गेली. सरांच्यानंतर त्यांच्या खोलीत व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग भरेल, असं प्राचार्यांनी आनंदानं जाहीर करून टाकलं. शेवटच्या वर्षाला सरांकडं तीन मुलं होती. सर वेळेवर जात, वेळेवर येत. नव्या माणसाला पगार विचारणं त्यांनी सोडलं नव्हतं, पण हल्ली पेन निघायला उशीर होत असे.

दिवाळीच्या आधी एकदा तास संपवून ते आले. हाताला खडू तसाच होता. बराच वेळ घुटमळून त्यांनी मला विचारलं, बंगळूरला सकाळचं गार असतं म्हणतात, ते खरं का.

मी फोन काढला, बघून सांगितलं, "आज सकाळी सतरा अंश होतं."

"आकडा नको," सर म्हणाले. "स्वेटर लागंल का तिला, तेवढं सांगा."

मी म्हटलं, लागेल.