उन्हातली मोकळी जागा

आमच्या समोर राहणारे शिवलिंगअण्णा थंडीत सकाळी ओट्यावर उन्हात बसले की कुणाशी बोलत नसत आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. एकदा त्यांचे जावई अक्कलकोटहून नातू झाल्याची बातमी घेऊन आले. अण्णा म्हणाले, "सुम्म कुंद्रू." कानडीत, गप बस. जावई पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. ऊन ओट्यावरून उतरल्यावर अण्णांनी विचारलं, "हं, काय म्हणत हुता?" तोवर घरातल्या बायकांना, शेजाऱ्यांना आणि दूधवाल्याला बातमी कळली होती.

मुलांनो, तुमच्याकडे परदेशात थंडी म्हणजे बर्फ. आमच्या सोलापुरात थंडी म्हणजे जेमतेम दोन महिने आणि रोज सकाळचा तासभर. उरलेलं वर्ष नुसतं तापायचं. तो तास अण्णा वाया जाऊ देत नसत. "ऊन खायाचं का बोलायचं? एका तोंडानं दोन्ही हुतंय व्हय?" असं ते विचारत. उत्तर दिलं तरी रागावत.

त्यांच्या शेजारी बसायची परवानगी एकाच माणसाला होती. नरसय्या. ते विणकर होते, घरी तेलुगू बोलत. मागावर बसण्याआधी रोज यायचे आणि स्वतः विणलेली चादर ओट्यावर अंथरायचे. मध्ये भाजलेल्या शेंगांचा ढीग असे. अण्णांनी सोललेले दाणे नरसय्यांनी खायचे, नरसय्यांनी सोललेले अण्णांनी. स्वतः सोललेला दाणा कुणी तोंडात टाकत नसे. तासभर फक्त टरफलं वाजत.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि समोरच आमच्या पायरीवर इंग्रजीचा धडा घेऊन बसे. आमच्या बाईंचा हुकूम होता की धडा मोठ्यानं वाचायचा. अण्णांचा हुकूम उलटा होता. अण्णा जवळ राहत असल्यामुळे मी नुसते ओठ हलवी. उच्चारात मला नेहमी कमी गुण पडत.

एका सकाळी नरसय्या गाठोडं घेऊन आले. त्या दिवशी त्यांचं शेंगांत लक्ष नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "सुम्म कुंद्रू." थोड्या वेळानं नरसय्यांनी पुन्हा घसा खाकरला. "सुम्म." मग टांगा आला. नरसय्या उठले, त्यांनी अण्णांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ते गाठोडं घेऊन गेले. चादर तिथंच राहिली.

दुपारी कळलं की नरसय्या मुलाकडे भिवंडीला गेले, कायमचे.

अण्णा ओट्यावर येऊन मोठ्यानं म्हणाले, "माजा दोस्त, आन मला सांगितलं न्हाय की त्यानं!"

मी पायरीवरून म्हणाले, "अण्णा, ते दोनदा सांगत होते. तुम्हीच गप्प केलंत."

आईनं मला दंडाला धरून आत नेलं. अण्णा नरसय्यांच्या चादरीची घडी घालू लागले.

पुढच्या थंडीत अण्णा पुन्हा ओट्यावर बसू लागले. शेजारी नरसय्यांची चादर अंथरलेली. कुणी टेकायला गेलं की म्हणत, "भरल्याली हाय जागा." दाणे सोलून ते चादरीवर ठेवत. खारी येऊन खात. खारींना मात्र ते गप्प करत नसत.

एका सकाळी मी पायरीवर नेहमीसारखी ओठ हलवत होते.

"ए पोरी, हिकडं ये."

मी भीतभीत गेले. अण्णांनी चादरीवरची टरफलं झटकली. "बस हितं."

मी चादरीच्या अगदी कडेला बसले आणि मनातल्या मनात वाचू लागले.

"वाच की."

"वाचतेय, अण्णा."

"मोठ्यानं वाच की!"

"इंग्रजी आहे. तुम्हाला कळणार नाही."

"नरसय्याचं तरी कुटं कळलं मला?" अण्णा म्हणाले. "वाच तू."

धडा गाईवर होता. गाईला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपटी असते, एवढंच त्यात होतं. मी तो खणखणीत आवाजात वाचला. अण्णा डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच."

मी पुन्हा वाचू लागले. त्यांनी सोललेले दाणे माझ्या बाजूला सरकवले. मी एका हातानं पुस्तक धरलं, दुसऱ्या हातानं शेंग फोडली आणि दाणे त्यांच्या बाजूला ठेवले.