मेटलवाल्यांनी वाचनालय राखिले त्याची हकीकत

कपाटांवरील धुळीस साक्ष ठेवोन, आणि कान अद्याप घोंगावत असता, हा मजकूर लिहिण्यास घेतला आहे. ऐकणारांनी चित्त द्यावे. ज्यांस त्या दिवसापासोन ऐकू कमी येते त्यांनी वाचावे.

वाचनालयाचे तख्ती ग्रंथपालमावशी विराजमान असोन, ‘शांतता राखा’ या एकाच फर्मानावर त्यांनी बहुत वर्षे अंमल केला, आणि शांतता ऐसी राखिली गेली की वाचणारेही येईनासे जाहले. मग वाचनालयाचे अध्यक्षसाहेबांची खफामर्जी होऊन हुकूम सुटला की, शनिवारी आम्ही जातीने येऊ, खुर्च्या रिकाम्या दिसल्यास दालन व्यायामशाळेचे हवाली करू. मावशींचे पायाखालील जमीन सरकली. कादंबऱ्यांचे जागी लोखंडी वजने येणार, या विचारे त्यांस अन्न गोड लागेना.

त्यांचा सख्खा भाचा, ज्यास चाहत्यांनी किताब दिधला डरकाळ्या, हा ‘कर्दनकाळ’ नामे मेटल बँडचा सरनौबत. त्याने मसलत मांडिली की, “मावशी, तुझ्याच पुस्तकांतली गाणी करतो. गर्दी आणायचं माझ्याकडे लागलं. फक्त तू मध्येच श्श करायचं नाहीस.” मावशींनी कानांत कापूस घालोन मंजुरी दिधली.

शनिवारी फौज दाखल जाहली. काळे सदरे, कमरेपावेतो केस, आणि मागोमाग ड्रमचा तोफखाना. मग शब्दकोशांचे कपाटास स्पीकर टेकवोन मोर्चे बांधिले. भाच्याचे चाहते आले, आळीतील आजोबा आले, आणि समोरील दवाखान्यातील दंतवैद्यबाई स्पीकर पाहोन आगाऊच तक्रार करण्यास म्हणोन आल्या त्या पेशंटासुद्धा, त्याचे तोंडी कापूस तैसाच. मग पहिला दणका बसला आणि काचा थरारल्या आणि थोरांच्या चरित्रांचा अवघा कप्पा जमिनीवर आला.

पहिलेच गाणे एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या गोष्टीचे. तो मरतो, आणि वारस त्याची कुलूपबंद पेटी फोडितात, आणि पेटीत निघते ते—येथे डरकाळ्याने ऐसी आरोळी ठोकिली की एक शब्द कोणास उमगेल तर शपथ! आजोबा खुर्चीवर चढोन ओरडले, “अरे बाबा, पेटीत काय निघालं? नीट सांग की!” सरनौबतांनी दुप्पट जोराने सांगितले. उघड्या तोंडांचे बोलणे समजण्यात हयात गेलेल्या दंतवैद्यबाई, परंतु त्यांसही अक्षर लागेना. घोटाळा ऐसा की, पुस्तकांचा प्रचार करण्यास निघालेल्या या बहाद्दरांस शब्द कळावे लागतात हे सुचलेच नव्हते.

गर्दी चुळबुळू लागली, कित्येक दाराकडे वळले. मावशींचे काळीज तुटले. मग त्या उठल्या, आणि कानांतील कापूस काढिला, आणि हुकूम केला की, “तिसरं कपाट, खालचा कप्पा. स्वतः वाचा आणि बघा!”

मग जो हल्ला जाहला त्याचे वर्णन काय करावे! आजोबांनी घड्याळजी दस्त केला, आणि पाच माथी त्यांचे खांद्यांवरून वाकली. बाकीच्यांनी पुढील गाणी ज्यांवरोन रचिली होती ती पुस्तके लुटिली, न मिळाले त्यांनी पडलेली चरित्रे उचलिली, आणि जो तो जागा सापडेल तेथे वाचू लागला. ड्रमवाल्याने पुढील गाण्यास काठी उचलिली मात्र, तोच अवघ्या दालनातून एकमुखे आवाज आला, “श्श!” बापड्याने काठ्या मांडीवर ठेविल्या.

ऐशा समयी अध्यक्षसाहेब दारी प्रकटले आणि गरजले, “काय चाललंय हे—” त्यांसही तीच तोफ लागू जाहली, आणि पेशंटाने तर कापूस थुंकोन श्श केले. साहेबांनी पाहिले तो खुर्ची एकही रिकामी नाही. मग मावशींचे मेजाजवळ चवड्यांवर येवोन, खाली वाकोन, हळूच पुसिले की, “रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. त्या पेटीत काय निघालं हो?”

“रांगेत या,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरोन आले.

येणेप्रमाणे कर्दनकाळांची फत्ते जाहली, दालन वाचले, व्यायामशाळेने शिकस्त खादली. मावशींस स्वतः श्श करणे न पडता शांतता नांदली ऐसी ही पहिलीच संध्याकाळ, हे येथे नमूद केले असे. पेटीत काय निघाले ते मात्र बखरकारास ठाऊक नाही. आमचा नंबर अध्यक्षसाहेबांचे मागे आहे, आणि ते फार सावकाश वाचितात.