नव्या इंजिनास दहा मान दिल्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने लोखंड आकाशी जाते आणि आकाशी गेलेला मनुष्य भुईवर येतो, त्या विघ्नहर्त्यास नमन करून जे पाहिले व जे ऐकिले ते लिहितो. न पटेल त्याणे दुसरा लिहिणार शोधावा.

शके १९३७, मन्मथनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध प्रतिपदा, भौमवासर, ते दिवशी राज्यात घट बसले आणि विलायतेहून पेट्रोलचे इंजिन आले. इंजिन नारळाएवढे आणि ज्या विमानास ते लावावयाचे त्याचे पंख चार हात. विमानास खेळणे म्हणावे तर श्रीमंत महाराजांस राग येई, आणि खरे म्हणावे तर त्यात मांजरही बसेना. खाली उभे राहून हातातल्या पेटीच्या दोन दांड्यांनी ते उडवावे, डावी दांडी पुढे लोटिली की जोर वाढे, ऐसी रचना. ओढ्यापलीकडील सरकारचे विमान दोन वर्षे पेट्रोलवर गुरगुरत होते आणि आमचे बॅटरीवर कुणकुणत होते, हे शल्य श्रीमंतांचे पोटी बहुत. सबब महाराजांणी जाहीर केले की दसऱ्यास आमचे विमान ओढा ओलांडील, पलीकडील सरकारचे अंगणात आपट्याची पाने टाकील आणि परत येईल.

आता यंत्रशाळेचे दारोगा जिवाजीपंत पोंक्षे. मनुष्य नेक, हातास सदा तेलाचा वास, बोलणे कमी. त्यांचे मानेवर मागील साली एक बालंट आले होते ते ऐसे. मागील दसऱ्यासही एक इंजिन आले होते, आणि नवे इंजिन फळीवर खिळवून, पेट्रोलात तेल सढळ घालून, दहा टाक्या पेट्रोल जळेतो हळूहळू फिरवावे, तोवर दट्ट्यावरची कडी नळकांड्यात घासून नीट बसत नाही, ऐसे पंतांणी परोपरीने सांगितले. परंतु दुसरेच टाकीस पंत तेलाची बाटली आणावयास वळले आणि श्रीमंतांणी पेटी उचलून डावी दांडी पार पुढे लोटिली. इंजिन एकदा किंचाळले आणि दट्ट्या जो अडकला तो अडकलाच. मग दरबारात चौकशी जाहली, आणि श्रीमंत छताकडे पाहत राहिले, आणि धन्याचे नाव घ्यावे कैसे म्हणोन पंत गप्प राहिले. तेव्हा हुकूम निघाला की यंत्र ज्याचे हातून मेले त्याणे हत्तीखान्याची दारोगी करावी. हत्तीखान्यात हत्ती नाही आणि छप्परही नाही. पुढील दसऱ्यास नवे यंत्र उडाले तर शिक्षा माफ, न उडाले तर त्याच दिवशी रवानगी. वर्षभर पंतांस घास गोड लागला नाही. हत्तीखान्याचे भय थोडे. आपल्या हातून यंत्र मेले ऐसे लोक म्हणतात, हे दुःख मोठे.

असो. प्रतिपदेस इंजिनाचे खोके उघडले आणि श्रीमंत बोलिले, "पंत, आजच उडवू. फार तर उद्या."

पंत बोलिले, "महाराज, दहा टाक्या."

"पुन्हा तेच. तुम्ही इंजिन आणता की बाळंतीण सांभाळता?"

सभा हसली. पंतांचे मनात आले की खरे सांगून या सभेस समजावणे होणार नाही. परंतु या राज्यात एक गोष्ट सर्वांस समजते, ती म्हणजे मान. लग्नात पहिला नारळ कोणाचा यावरून येथे दोन घराणी सात वर्षे बोलत नव्हती. मग पंतांणी हात जोडून अर्ज केला की नवरात्राची माळ रोज एक, तैसी टाकी रोज एक, आणि दर टाकीचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचा मान एकेक मानकऱ्यास. विडा, नारळ, बसावयास गादी. हे ऐकून सभेचे डोळे बदलले. जे हसत होते ते आपला क्रम कितवा हे विचारू लागले.

पहिला मान सेनापती रायाजीरावांचा. त्यांणी हातमोजा नाकारिला, पंखा फिरविला, इंजिनाने उलटा झटका दिला आणि सेनापतींचे बोट सुजले. ते "काही नाही, काही नाही" म्हणत विडा डाव्या हाताने घेते झाले. दुसरे दिवशी फडणीस, तिसरे दिवशी कोतवाल, आणि पाचवी माळ येईतो दरबारात मुजरा करणारे निम्मे हात फडक्यात बांधलेले. तरी मान कोणी सोडीना. इंजिन मात्र रोज घटकाभर मंद चालावे, मग थंड व्हावे, आणि पंत कान लावून ऐकत बसावे. प्रथम आवाज खरखरीत होता, सातव्या टाकीस मऊ जाहला, आणि पंतांस त्या दिवशी झोप बरी लागली. दोनदा श्रीमंत बोलिले की आता पुरे, आणि दोनदा ज्यांचा मान राहिला होता ते सर्व एका आवाजात बोलिले की हे होणे नाही.

नऊ माळा, नऊ टाक्या जाहल्या. दहावा मान श्रीमंतांच्या आत्याबाई सगुणाबाईसाहेब यांचा, आणि त्या रुसल्या. आपला मान सेनापतीच्याही मागे ठेविला म्हणोन दार लावून बसल्या. आता दहावा मान चुकवून विमान उडविले तर आत्याबाईंचे तोंड कोण धरणार, म्हणोन कोणी पुढे होईना. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण, ऐसे मनात म्हणत पंत नवमीस तिसरे प्रहरी त्यांचे दारी गेले.

आत्याबाई आतूनच बोलिल्या, "तुला हत्तीखान्याची भीती वाटते होय रे जिवाजी?"

पंत बोलिले, "वाटते, बाईसाहेब. पण त्याहून इंजिनाची वाटते. एकच टाकी राहिली आहे."

मग दार उघडले. "मागच्या साली मी सज्जात शेंगा सोलत बसले होते. दांडी कोणी लोटली ते पाहिलं मी. तू बोलशील म्हणून वर्षभर वाट पाहिली. आता तू नकोच बोलू. उद्या मी येते."

पंतांणी विनविले की हे नको, परंतु दार पुन्हा लागले होते.

दसऱ्यास माळावर सर्व जमले, आणि ओढ्यापलीकडून त्या सरकारचे विमान गुरगुरू लागले. आत्याबाई आल्या, पंख्यापाशी उभ्या राहिल्या आणि हात मागे बांधून बोलिल्या, "फिरवते. आधी एकाचं उत्तर हवं. मागचं इंजिन कोणाच्या अंगठ्याने मेलं?"

पंत आपल्या वहाणांकडे पाहत राहिले. श्रीमंतांणी छताकडे पाहावे तर माळावर छत नव्हते. पलीकडील गुरगुर वाढली. मग श्रीमंत हळू बोलिले, "आमच्या."

"सगळ्यांना ऐकू गेलं नाही."

"आमच्या अंगठ्याने मेलं, आत्या. पंत निर्दोष."

हे ऐकून पंतांचे डोळे भरून आले, आणि ते लपवावे म्हणोन ते इंजिनाचा स्क्रू विनाकारण पुसू लागले. आत्याबाईंनी लगेच फडणीसांकडून मागील सालचा हुकूम मोठ्याने वाचून घेतला. यंत्र ज्याचे हातून मेले त्याणे, इत्यादि. हुकूम श्रीमंतांचा, खाली सही श्रीमंतांची. महाराज हसले, आणि विडा तोंडात टाकून हत्तीखान्याकडे चालते झाले.

मग आत्याबाईंनी हातमोजा मागून घेतला, पंखा फिरविला, आणि इंजिन पहिल्याच झटक्यास लागले. दहावी टाकी संथ संपली, आणि इंजिन थंड जाहलियावर पंतांणी ते विमानास बांधिले. पंतांणी पेटी हाती घेतली, विमान उठले, ओढा ओलांडिला, पलीकडील अंगणात पाने पाडिली आणि ऐटीत वळून येऊ लागले. इतक्यात छप्पर नसलेल्या हत्तीखान्यातून मोठा आवाज आला, "पंत, डावी दांडी अजून थोडी पुढे!"

सबंध माळ पंतांकडे पाहू लागला. पंतांणी अंगठा जागचा हलविला नाही. एक वर्षाचे मौन सोडून ते मोठ्याने बोलिले, "हत्तीखान्याचे दारोगा यांणी हत्ती सांभाळावे."

येणेप्रमाणे इंजिनाची कडी नीट बसली, विमान उतरले, सहा बोटे बरी जाहली व तीन अद्याप वाकडी आहेत. श्रीमंत सायंकाळी परत आले ते पंतांस सोने देऊन आलिंगन करिते झाले, आणि त्या दिवसापासून पेटीस हात लाविण्यापूर्वी विचारितात. लिहिले ते खरे. इति.